राणी केतेवान

काळ्या समुद्राच्या पूर्वेस जॉर्जिया नावाचा एक डोंगराळ देश आहे. सोळाव्या शतकात तेथे काही लहान राज्ये होती. त्यांपैकी काखेती येथील राजघराण्यात केतेवान सून म्हणून आली. तिचा पती डेव्हिड १६०२ मध्ये निवर्तला. पुढे १६०५ मध्ये तिचा दीर कॉन्स्टन्टाइन याने जन्मदात्या पित्याचा वध करून गादी बळकावली. त्यास इराणचा बलाढ्य शहा अब्बास याचे पाठबळ होते. तरीही राणी डगमगली नाही. तिने सरदारांना एकत्र आणून कॉन्स्टन्टाइनचा पाडाव केला व आपला पुत्र तैमुराझ यास सिंहासनावर बसविले. शत्रूकडील जखमी सैनिकांचीही तिने शुश्रूषा करविली, असे सांगतात.

१६१४ मध्ये शहाशी बोलणी करण्यासाठी राणी स्वतः इराणात गेली. ती परत आलीच नाही. शहाने तिला सुमारे दहा वर्षे शिराझ येथे अडकवून ठेवले. अखेर, स्वधर्म सोडून इस्लाम स्वीकारावा, अशी आज्ञा त्याने केली. राणीने ती मानली नाही. १३ सप्टेंबर १६२४ रोजी तिला हाल हाल करून मारण्यात आले.

त्या वेळी शिराझमध्ये ऑगस्टिनियन पंथाचे पोर्तुगीज धर्मोपदेशक राहत असत. त्यांनी राणीच्या अस्थी गुप्तपणे मिळविल्या आणि १६२७ मध्ये त्यांतील काही गोव्यास आणल्या. जुन्या गोव्यातील आपल्या मठात, एका खिडकीपाशी, दगडी पेटीत त्या ठेवल्याचे जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत नमूद आहे. परंतु १८३५ मध्ये मठ ओस पडला. १८४२ मध्ये तेथील चर्चचे छत कोसळले. ढिगाऱ्याखाली पेटीचा मागमूस राहिला नाही.

२००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्यास तेथील उत्खननात हाताच्या हाडाचा एक तुकडा सापडला. तो राणीचाच, हे ठरवावे कसे? मठात इतरही अनेकांना पुरलेले होते!

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते काम हाती घेतले. आपल्या शरीरातील पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा अतिसूक्ष्म धागा असतो. वंशपरंपरेने येणारे गुण त्यात साठविलेले असतात. उष्ण, दमट हवेत शतकानुशतके पडून राहिलेल्या हाडात या धाग्याचे बारीक तुकडे होतात, आणि पेशीत त्याच्या प्रती असतात दोनच. परंतु केंद्रकाबाहेर तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांचा डीएनए निराळा व फार लहान असतो. त्याच्या प्रती मात्र एका पेशीत शेकडो असतात. त्यामुळे बहुतेक प्रती नष्ट झाल्या, तरी काहीतरी शिल्लक उरण्याचा संभव अधिक असतो. शिवाय हा डीएनए केवळ आईकडून मुलांकडे येतो. म्हणून त्यातील खुणांवरून माणसाचे मातृकुळ ओळखता येते.

गोव्याच्या हाडात जी खूण आढळली, ती हजारो भारतीयांच्या नमुन्यांत कोठेही नव्हती; जॉर्जियात व त्याच्या आसपास मात्र ती आढळते. अर्थात अशी खूण एका मातृकुळातील अनेक माणसांत सारखीच असते. म्हणून शास्त्रज्ञांनी जपूनच निष्कर्ष काढला: खूण, जागा व जुनी नोंद ही तिन्ही जुळत असल्याने हाड राणी केतेवानचे असण्याचा दाट संभव आहे.

जॉर्जियातील लोक केतेवानला संत मानतात. जुलै २०२१ मध्ये राजधानी तिबिलिसी येथे भारताने त्या अस्थींचा काही भाग त्यांच्या स्वाधीन केला.