समुद्रात ५५० मीटरखाली जीवच नाही, असं म्हणणारा शास्त्रज्ञ चुकला. पण त्याच चुकीने जगाला खोल समुद्रात नेलं

किनाऱ्यावर पडलेले शंख-शिंपले आपण सगळेच गोळा करतो. पण त्यातला जीव जिवंत असताना किती खोल पाण्यात राहत होता? हा प्रश्न एडवर्ड फोर्ब्स यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

फोर्ब्स यांचा जन्म १८१५ चा, ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावरचा. १८३१ मध्ये ते डॉक्टरकी शिकायला एडिनबराला गेले, पण मन समुद्रातच. शेवटी डिग्री न घेताच त्यांनी शिक्षण सोडलं. १८३८ मध्ये आपल्या बेटाभोवतीच्या शंख, शिंपले, गोगलगायींची यादी त्यांनी पुस्तकरूपात छापली. वय होतं अवघं २३.

त्यांचं हत्यार होतं ड्रेज. लोखंडी चौकट, मागे पिशवी. कालवं काढणारे मच्छीमार ती दोरीला बांधून तळावरून ओढायचे. १८३९ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने या कामासाठी ६० पौंड मंजूर केले. त्याच वर्षी फोर्ब्स यांनी स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांजवळचा तळही धुंडाळला.

खरी गंमत नोंदींची होती. ठिकाण, खोली, तळाला वाळू की चिखल, किती प्राणी जिवंत आणि किती मेलेले, हे सगळं ठरलेल्या तक्त्यात भरायचं. यातून कळलं की खोलीनुसार समुद्राचे पट्टे पडतात आणि प्रत्येक पट्ट्यातले प्राणी वेगळे असतात.

१८४१ मध्ये त्यांना नौदलाच्या बीकन जहाजावरून ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात जायची संधी मिळाली. तिथे त्यांनी सुमारे ४२० मीटरपर्यंत ड्रेज टाकली. जितकं खोल, तितके जीव कमी. हाच हिशोब पुढे नेऊन त्यांनी मांडलं की साधारण ५५० मीटरखाली जीवसृष्टी नसावी.

इथेच गणित चुकलं. एजियनच्या तळाशी मुळातच जीव कमी आहेत. शिवाय ड्रेजच्या पिशवीची भोकं इतकी बारीक होती की ती चिखलानेच भरून जायची.

ही चूक कळायला फोर्ब्स राहिले नाहीत. १८५३ मध्ये सिल्व्हेनस हॅन्ले यांच्यासोबत ब्रिटनच्या मृदुकाय प्राण्यांवरचा चार खंडांचा ग्रंथ पूर्ण झाला. १८५४ मध्ये एडिनबरा विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं आणि काही महिन्यांतच, ३९ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

पण त्यांनी ठोस आकडा दिला होता. त्यामुळे तो तपासता येत होता. नॉर्वेच्या किनाऱ्यावर मायकेल सार्स आणि त्यांच्या मुलाला ८०० मीटरपर्यंत शेकडो प्रजाती सापडल्या. १८६९ मध्ये पॉर्क्युपाइन जहाजाने तब्बल ४,४०० मीटरहून खोल तळावरून जिवंत प्राणी वर आणले. त्यात शिंपलेही होते.

तीन वर्षांनी चॅलेंजर जहाज जगभरचे समुद्र तपासायला निघालं. फोर्ब्स यांचा ५५० मीटरचा आकडा पुसला गेला, पण खोली नोंदवून जीव मोजायची त्यांची पद्धत त्या जहाजावरही होती.