परीक्षा घेतली डोक्याने, दमले बोट

आठवडाभर कार्यालयात डोके चालवून रविवारी पहाटे धावायला निघालेल्या अनेक हौशी धावपटूंना एक कोडे पडते. पायांना इजा नाही, सराव चुकलेला नाही, तरी नेहमीचे अंतर संपता संपत नाही. या कोड्याला सव्वाशे वर्षांपूर्वी हात घातला तो इटलीतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी.

मोस्सो यांचा जन्म १८४६चा, तुरीन शहरातला. वडील सुतार. घरची ओढाताण असूनही ते शिकले आणि १८७०मध्ये डॉक्टर झाले. काही काळ लष्करात नोकरी केली, पुढे फ्लॉरेन्स आणि लाइपझिगमध्ये त्या काळच्या नामवंत शास्त्रज्ञांकडे प्रयोगाचे शिक्षण घेतले. १८७९मध्ये ते तुरीन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

थकवा सगळ्यांनाच जाणवतो, पण तो मोजायचा कसा? त्यासाठी मोस्सो यांनी एर्गोग्राफ नावाचे यंत्र बनवले. हात फळीवर बांधून ठेवायचा, मधल्या बोटाला दोरी लावून तिला वजन टांगायचे आणि ठरावीक ठेक्यावर ते उचलत राहायचे. प्रत्येक उचल फिरत्या कागदावर रेघ काढी. बोट थकत जाई तशा रेघा आखूड होत आणि शेवटी थांबत. प्रत्येक माणसाचा आलेख वेगळा, जणू त्याची सहीच.

मग त्यांचे सहकारी डॉ. माज्जोरा यांच्यावर प्रयोग झाला. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर त्यांच्या बोटाची ताकद मोजली. परीक्षेत बोटाने काहीच काम केले नव्हते, काम केले होते डोक्याने. तरीही परीक्षेनंतर बोट लवकर थकले. १८९१मध्ये मोस्सो यांनी हे सारे थकव्यावरील आपल्या पुस्तकात मांडले. सिसिलीतील गंधकाच्या खाणींत ओझी वाहून शरीर वाकलेल्या मुलांबद्दलही त्यात त्यांनी कळकळीने लिहिले. त्यांच्या लेखी थकवा हा आळस नव्हता, शरीराने दिलेला इशारा होता.

पुढे मोंते रोझा पर्वतावर, साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या झोपडीत राहून त्यांनी विरळ हवेचा शरीरावरील परिणाम अभ्यासला. १९०४मध्ये ते सिनेटर झाले. १९१०मध्ये तुरीनमध्येच त्यांचे निधन झाले.

मेंदू थकल्यावर तयार होणारे पदार्थ रक्तातून स्नायूंपर्यंत पोहोचतात, असे मोस्सो यांना वाटे. हे स्पष्टीकरण आज मागे पडले आहे, निरीक्षण मात्र टिकले. २००९मध्ये ब्रिटनमध्ये सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना ९० मिनिटे लक्ष एकाग्र करावे लागणारे काम दिले आणि मग दमेपर्यंत व्यायामाची सायकल चालवायला लावली. एरवी सरासरी ७५४ सेकंद टिकणारे हे लोक त्या दिवशी ६४० सेकंदांतच थांबले. हृदय, फुफ्फुसे किंवा स्नायू यांत हा फरक समजावणारे काही सापडले नाही. फक्त तेवढेच श्रम त्यांना सुरुवातीपासून जास्त जड वाटत होते.

हौशी धावपटूला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. डोके शिणलेल्या दिवशी वेग कमी ठेवा, घड्याळाशी भांडू नका. जोरकस सराव ताज्या मनाने करा. शर्यतीच्या आदल्या दिवशी कामाचा डोंगर उपसू नका. अशा दिवशी पाय जड वाटले म्हणून स्वतःला कमजोर समजून जास्त रेटणे हा उलटा उपाय आहे. मात्र धावताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा पूर्वी कधी न लागलेला दम लागला, तर तो मनाचा थकवा समजून घरी बसू नका. लगेच थांबा आणि विनाविलंब तपासणी करून घ्या.