घराघरात लक्ष्मी पोहोचवणाऱ्या राजा रवी वर्मांना मळवलीचा छापखाना का विकावा लागला?

सोनेरी अक्षरांची पत्रिका घरीच बनवण्याचे रील तुमच्याही फीडवर आले असतील. लेझर प्रिंटरवर काळी अक्षरं छापायची, वर फॉइल ठेवून कागद गरम लॅमिनेटरमधून काढायचा, फॉइल सोलली की अक्षरं सोनेरी. करामत टोनरची. टोनर ही प्लॅस्टिकची बारीक भुकटी, ती उष्णतेने मऊ होते आणि फॉइलला धरून ठेवते. इंकजेटची शाई कागदात मुरते, म्हणून तिथे हे जमत नाही.

पण छापील चित्र आणायचं आणि चकाकी घरी चढवायची ही हौस फार जुनी. त्यासाठी लांब जायला नको. चिंचवडहून लोणावळा लोकल पकडा, लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे राजा रवी वर्मांच्या छापखान्यात लक्ष्मी-सरस्वती छापल्या जायच्या.

रवी वर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 चा, केरळातल्या किळिमानूरचा. त्रावणकोरच्या राजवाड्यात थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार आला, तेव्हा त्याचं काम नुसतं बघून त्यांनी तैलरंगाची बरीच माहिती उचलली. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी पुराणातल्या प्रसंगांची 14 चित्रं काढली.

मागणी वाढली, पण हात दोनच. चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, असा सल्ला दिवाण टी. माधवरावांनी आधीच दिला होता. रवी वर्मांनी उलट केलं. जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर मागवले आणि 1894 मध्ये भाऊ राजा राजा वर्मा यांच्यासोबत मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. पहिलं मोठं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं.

हे काम आजच्यासारखं बटण दाबून होणारं नव्हतं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. त्यावर तेलकट शाईने ठिपका ठिपका काढून चित्र उतरवायचं. ओला दगड शाई नाकारतो आणि तेलकट भाग ती धरतो, त्यावर सगळा खेळ. मग तोच कागद एकेका दगडाखालून जायचा. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा नाही, आणि केसभर सरकला तर देवीचे ओठ गालावर!

पण लोकांना ही चित्रं प्रचंड आवडली. ज्यांना देवळाच्या पायरीवरच अडवलं जायचं, त्यांच्याही भिंतीवर लक्ष्मी आली. काही घरांत छापील देवीला खऱ्या कापडाची साडी, जरीचे काठ, टिकल्या आणि मणी चिकटवले गेले. अशी सजवलेली चित्रं आजही संग्रहात सापडतात. माझ्या मते फॉइलवाल्या मंडळींचे खरे पूर्वज हेच.

मग घोडं अडलं कुठे? 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडू लागली, धंदा विस्कटला. छापखाना शेवटी मळवलीला हलवावा लागला. त्यात दगड, शाई, कागद, परदेशी कारागिरांचे पगार हा खर्च थांबणारा नव्हता. (प्रिंटर घेताना आपणही मशीनची किंमत बघतो, टोनरची नाही.) शिवाय रवी वर्मांचा जीव हिशेबाच्या वहीत नव्हता, ते चित्रांसाठी संस्थानोसंस्थानी फिरत. कर्ज वाढत गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकला. सोबत चित्रं छापण्याचे हक्कही गेले.

म्हणजे लक्ष्मी रवी वर्मांची, पण तिच्यातून येणारी लक्ष्मी दुसऱ्याची! श्लायशरने चित्रांसोबत लेबलं आणि जाहिरातीही छापल्या आणि धंदा सावरला. पुढे सिनेमा काढणारे दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केलं.

1905 मध्ये भाऊ गेला. 2 ऑक्टोबर 1906 ला रवी वर्माही किळिमानूरला वारले. मळवलीची यंत्रं त्यानंतरही कित्येक वर्षं चालू होती. 1972 मध्ये तिथे आग लागली आणि छापखाना जळाला.