हाफकिन आणि पुराव्याची प्रत

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. पण ज्यांचे हे नाव, त्यांची ओळख थोड्यांनाच असते. विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला त्यांच्या चरित्रातील एक प्रश्न फार मोलाचा वाटतो. धडधाकट माणसाला टोचायची लस उपयोगी आहे, हे मानायचे कशावरून?

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही स्वतःवरच आजमावली.

पण एवढ्याने काय सिद्ध झाले? लस घेऊन माणूस जगतो, इतकेच. ती रोग टाळते की नाही, हे तुलनेनेच कळणार. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे १५० कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली, सुमारे १७० जणांनी घेतली नाही. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. घेतलेल्यांत, टोचण्याच्या दिवशीच आजारी पडलेले सोडल्यास, दोघांनाच रोग झाला आणि मृत्यू एकही नाही.

अमेरिकेत १९८४ साली स्थापन झालेले एक तज्ज्ञमंडळ आज रोगप्रतिबंधक तपासण्या व सल्ले यांना ए, बी, सी, डी अशा श्रेणी देते. पुरावा अपुरा असल्यास आय. लाभातून हानी वजा जाता काय उरते आणि त्याची खात्री किती, या दोन्ही गोष्टी तेथे पाहतात. या दृष्टीने भायखळ्याचा पुरावा चांगला, पण सर्वोत्तम नव्हे. कारण स्वखुशीने पुढे येणारे लोक मुळातच वेगळे असू शकतात. चिठ्ठ्या टाकून गट पाडले असते, तर ही शंका उरली नसती.

हानीचा हिशेबही असाच काटेकोर हवा. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व मुंबईची प्रयोगशाळा त्यांच्या हातून गेली. वस्तुतः त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी १९०७ साली त्यांची बाजू मांडली आणि ते दोषमुक्त झाले. १९२५ साली प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० साली लोझान येथे ते वारले.

एका बाटलीचा दोष साऱ्या लसीच्या माथी मारला, तर अन्याय एका माणसापुरता राहत नाही. पुढच्या साथीत लस नाकारणाराही त्याची किंमत मोजतो.