सेनापती बापट आणि मुळशीचे पाणी

वीज ही आजच्या संसारात अन्नवस्त्रांइतकीच गरजेची वस्तू होऊन बसली आहे. आमच्या तारनाक्यावरून मेट्रो विजेवर धावते, येथील प्रयोगशाळांतील यंत्रे विजेवर चालतात, आणि परीक्षेच्या दिवसांत दिवे गेले की घरोघर हळहळ होते. ही वीज धुराविना निर्माण व्हावी म्हणून सारे जग पाणी, वारा व सूर्य यांच्याकडे वळू लागले आहे, हे योग्यच आहे. परंतु धूर नसलेल्या विजेचेही मोल द्यावे लागते. ते कोणी द्यावे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका पुरुषाने प्राणपणाने विचारला होता. त्या पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

बापटांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर या गावी झाला. घरची स्थिती बेताची, पण बुद्धी तल्लख होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि 1904 साली ते स्कॉटलंडातील एडिंबरो येथे यंत्रशास्त्र शिकण्यास गेले. तेथे त्यांनी इंग्रजी राज्याविरुद्ध उघडपणे मत मांडले आणि त्यापायी शिष्यवृत्ती गमावली. पुढे लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांचा सहवास लाभला. पॅरिसला जाऊन त्यांनी एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँब तयार करण्याची विद्या संपादन केली व 1908 साली ते स्वदेशी परतले. बंगालमधील माणिकतळा बाँब प्रकरणात त्यांचे नाव पुढे आले. त्यामुळे काही वर्षे अज्ञातवासात काढावी लागली, आणि शेवटी अटकही झाली.

सुटका झाल्यावर बापटांनी जे व्रत घेतले ते विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विलायतेत शिकून आलेला हा विद्वान पारनेरचे रस्ते झाडू लागला, शौचकूप स्वच्छ करू लागला. ज्या कामाला समाज हीन लेखतो तेच काम त्यांनी देशसेवा म्हणून हाती घेतले. आपण केलेली घाण दुसऱ्याच्या माथी मारू नये, ही शिकवण त्यांनी आचरणातून दिली.

याच सुमारास सह्याद्रीच्या कुशीत मोठे उद्योग उभे राहत होते. मुंबईच्या गिरण्या तोवर कोळशावर चालत असत. त्याऐवजी घाटमाथ्यावरचा अफाट पाऊस अडवून, ते पाणी नळांतून कोकणात उतरवून वीज करावी, अशी जमशेटजी टाटांची कल्पना होती. ती त्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांनी सिद्धीस नेली. 1915 साली खोपोली येथे वीज निर्माण होऊ लागली. पाठोपाठ भिवपुरी व मुळशी या योजना आल्या. मुळशीस निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी धरण घालून सुमारे पाचशे मीटर खाली भिरा येथे पाणी सोडावयाचे होते. योजना बुद्धिमान माणसांची होती. तीत कोळसा नव्हता, धूरही नव्हता. मात्र त्या खोऱ्यात आंबेमोहोर भात पिकविणारी सुमारे पन्नास गावे पिढ्यानपिढ्या नांदत होती, आणि त्या मावळ्यांना कोणी विचारले नव्हते. सरकारने 1894 च्या कायद्यान्वये जमिनी घेऊन कंपनीच्या हवाली करण्याचे ठरविले होते.

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. शेतकरी, बायाबापड्या, पुण्याचे कार्यकर्ते धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम काही काळ थांबले, पण पुन्हा सुरू झाले. बापट या लढ्याचे अग्रणी झाले आणि त्यांना लोकांनी दिलेली सेनापती ही पदवी पुढे त्यांच्या नावालाच चिकटली. त्यांना पुन्हा पुन्हा तुरुंगवास घडला. लढ्यात फूटही पडली. मोबदला पदरात पडेल तर बरे, असे अनेक जमीनमालकांना वाटू लागले. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्या कुळांना मात्र मोबदल्याने काय मिळणार होते? 1924 च्या अखेरीस बापटांनी काही साथीदारांसह, हाती शस्त्रे घेऊन, कामावरची आगगाडी अडविली. हे कृत्य अहिंसेच्या मर्यादेबाहेरचे होते, आणि त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. बापटांनी त्याचे फळ स्वतः भोगले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली व 1931 साली त्यांची सुटका झाली. तोपर्यंत धरण पुरे होऊन, 1927 पासून भिऱ्याची वीज मुंबईस जाऊ लागली होती.

तुरुंगाबाहेर आल्यावरही हा योद्धा स्वस्थ बसला नाही. आमच्या हैदराबाद संस्थानातील 1938-39 च्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. 15 ऑगस्ट 1947 रोजी पुण्यात स्वतंत्र भारताचा ध्वज फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. गोवामुक्ती व संयुक्त महाराष्ट्र या आंदोलनांतही ते वृद्धापकाळी पुढे होते. 28 नोव्हेंबर 1967 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, त्यांचा देहान्त झाला.

बापट हरले असे कोणी म्हणेल. गावे बुडाली हे खरेच आहे. तथापि त्यांचा प्रश्न बुडाला नाही. बापट यंत्रशास्त्र शिकलेले होते, तेव्हा यंत्राचे भय किंवा अज्ञान त्यांच्या विरोधामागे असणे शक्य नव्हते. एकाच्या घरी दिवा लागावा म्हणून दुसऱ्याची चूल विझवावी काय, एवढेच ते विचारीत होते. पुढे कृष्णेवरील श्रीशैलम धरणासाठी आमच्या शेजारच्या जिल्ह्यांतील कितीतरी गावांनी हेच दुःख भोगले. ज्या कायद्याने मुळशीच्या जमिनी गेल्या त्याच्या जागी योग्य मोबदल्याबरोबर पुनर्वसनाचीही हमी देणारा नवा कायदा 2013 साली झाला. मुळशीनंतर ब्याण्णव वर्षांनी!

आम्हा हैदराबादकरांचा मुळशीशी आणखी एक संबंध आहे. मुळेचे पाणी मूळचे पूर्वेकडे वाहणारे. पुण्यास मुठेला भेटून ते भीमेस मिळते, आणि भीमा कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेस मिळते. त्याच कृष्णेचे पाणी आज आमच्या शहराला प्यावयास मिळते. मुळशीत अडविलेले पाणी मात्र घाट उतरून पश्चिम समुद्राकडे जाते. नदीला एका ठिकाणी हात लावला की त्याचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे यावरून कळून येईल.

विजेवाचून आज कोणाचेच चालणार नाही, आणि ती स्वच्छ असावी हेही खरे. परंतु आपल्या खोलीतला पंखा रिकामा फिरत राहिला, तर त्यातून वाया जाणारी वीज कोणाच्या तरी नदीतून, कोणाच्या तरी शेतातून आलेली असते. तो पंखा बंद करावयास उठणारा विद्यार्थी, आपल्या परीने, मुळशीच्या मावळ्यांचे ऋण थोडेसे फेडतो असे आम्हांस वाटते.