तंजावरचे संगीतज्ञ राजे सरफोजी

तलवाड्याच्या वाचकांस वेरूळ कांहीं परकें गांव नाहीं. तेथील भोसले घराण्याची एक शाखा सतराव्या शतकांत दूर तामिळ देशीं तंजावरास राज्य करूं लागली. त्या शाखेंत १७७७ सालीं सरफोजी जन्मले. त्यांचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत सांगतों.

तुळजाजी महाराजांस वारस उरला नव्हता. त्यांनीं १७८७ सालीं, मरणापूर्वीं, सुमारें दहा वर्षांच्या सरफोजींस दत्तक घेतलें व जर्मन मिशनरी श्वार्ट्झ साहेबांस मुलाचा सांभाळ करण्याची विनंति केली. साहेब १७५० सालीं या देशीं आले होते, ते पुन्हां मायदेशीं गेले नाहींत. महाराजांमागें त्यांचे बंधु अमरसिंग गादीवर बसले. त्यांनीं मुलास कोंडून ठेविलें व त्याच्या शिक्षणाची आबाळ केली. साहेबांनीं कंपनी सरकारापाशीं दाद मागितली, आणि १७९३ सालीं मुलास मद्रासेस नेऊन त्याच्या विद्येची सोय झाली. १७९८ च्या फेब्रुवारींत साहेब वारले. त्याच सालीं सरफोजी राजे झाले.

परंतु १७९९ च्या तहानें मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजांपाशीं किल्ला व नेमणूक एवढेंच राहिलें. सत्ता गेली म्हणून ते हताश झाले नाहींत. त्यांनीं सरस्वती महालांत ग्रंथ जमविले; १८०५ सालीं देवनागरी ठशांचा छापखाना घातला. संगीत तर त्यांचा जीव कीं प्राण. वाड्यांत कर्नाटकी गवई होते, तसाच विलायती वाद्यांचा ताफाही होता. विलायती स्वरलिपि शिकून त्यांनीं देशी चाली त्या ताफ्यावर वाजविण्याजोग्या करविल्या. कुरवंजी हा तामिळ देशींचा नाचगाण्याचा खेळ. त्यांत भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री येते. राजांनीं ‘देवेंद्र कुरवंजी’ मराठींत रचून त्या स्त्रीच्या तोंडीं पृथ्वीचा भूगोल घातला. जें ज्ञान पुस्तकांत होतें, तें गाण्यांत आलें.

राजे शेवटपर्यंत हिंदु राहिले. काशीयात्राही त्यांनीं केली. तरी श्वार्ट्झ साहेबांचें स्मारक त्यांनीं लंडनच्या फ्लॅक्समन नामक शिल्पकाराकडून संगमरवरांत घडवून तंजावरच्या देवळांत बसविलें. साहेब मरणशय्येवर आहेत व राजे त्यांचा हात धरून उभे आहेत, असें तें शिल्प आहे. १८३२ सालीं राजे वारले.

साहेबांनीं मुलास विद्या दिली, पण धर्माविषयीं बळजबरी केली नाहीं. आपल्या हातीं सोंपविलेल्या लेंकरांशीं आपण असेंच वागतों काय, हें आम्हांस त्या संगमरवराकडे पाहून स्वतःस विचारावेंसें वाटतें.