नाईक यशवंतराव घाडगे : पळसगावचा वीर

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावकऱ्यांच्या व मुंबईकर मंडळींच्या सहकार्याने पार पडला, ही श्रींचीच कृपा. स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून दे, असे समितीने मला फर्मावले. मी तालुका कचेरीतला एक कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. रोज लिहितो ते आवक-जावक रजिस्टर आणि दाखले. देवाच्या माहात्म्याविषयी या अंकात जाणत्या मंडळींनी लिहिले आहेच. मी मात्र एका माणसाविषयी लिहिणार आहे. देवळाच्या पुस्तकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील, म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

जुन्या सभामंडपाची फरशी उकरताना दीपमाळेच्या मागे अर्धा जमिनीत गेलेला एक दगड निघाला. आयाबाया त्याला हळदकुंकू वाहत, कोणी शेंदूरही लावी. मजूर तो जोत्याच्या भरावात टाकणार होते. एका म्हाताऱ्या आजींनी आडवे होऊन ते थांबवले. धुऊन पाहिला तेव्हा कळले की तो वीरगळ आहे. खाली हातात ढालतलवार घेतलेला वीर व त्याच्या पायाशी पडलेले लोक, मध्ये त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करीत बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर सूर्य व चंद्र. आकाशात सूर्यचंद्र असेतो याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. कोकणपट्टीत असे दगड पुष्कळ आहेत. बोरिवलीजवळ एक्सरला तर जहाजांवरील लढाईचे वीरगळ आहेत. पण आमच्या दगडावर अक्षर एकही नाही. गावासाठी कोणीतरी मेला एवढेच उरले, नाव गेले. माझ्या चिरंजीवाने मला विचारले की हा कोणता देव, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मनात आले की ज्यांची नावे अजून गेली नाहीत, त्यांची तरी मुलांना सांगून ठेवावी. आणि आपल्या मुलुखात असे पहिले नाव म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस नाईक यशवंतराव घाडगे यांचे.

यशवंतरावांचा जन्म ता. १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. जिल्हा त्या वेळी कुलाबा, १९८१ पासून रायगड. त्या काळचा आपला मुलूख कसा होता ते जुन्या माणसांना सांगायला नको. भाताचे एक पीक, तुकड्यातुकड्यांची शेती, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. थोरल्याने जमीन सांभाळायची, धाकट्यांनी मुंबईची गिरणी धरायची नाहीतर पलटणीत जायचे. महाड, पोलादपूर, माणगाव या भागांतून पलटणीत जाण्याची वाट तर पिढ्यांची. महाड तालुक्यातील एका आंबवड्याला लोक फौजी आंबवडे म्हणूनच ओळखतात. रायगडाच्या सावलीतली ही गावे. शिवाजी महाराजांचा जयघोष करीत शत्रूवर तुटून पडणारी मराठा पलटण इथल्या पोराला परकी कशी वाटावी?

यशवंतराव याच पलटणीत, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये दाखल झाले. या पलटणीचे मूळ १७६८ सालापर्यंत मागे जाते. दुसऱ्या महायुद्धात तिसऱ्या बटालियनने १९४१ मध्ये आफ्रिकेतील इरिट्रियात केरेनची डोंगरातली भयंकर लढाई लढली. पुढे ती दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत उतरली. यशवंतराव तोपर्यंत नाईक झाले होते. नाईक म्हणजे दोन फितींचा अंमलदार, त्याच्या हाताखाली आठदहा जवानांची एक तुकडी असते. वय बावीस. आपल्याकडे या वयाची मुले अजून नोकरीचे अर्ज भरीत असतात.

इटलीतील ते युद्ध समजण्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. रोम शहर जून १९४४ च्या ४ तारखेला दोस्तांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरत होते, पण पळत नव्हते. प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर मशीनगन बसवून थांबायचे, समोरच्याचे माणूसबळ खर्ची घालायचे आणि मग पुढची टेकडी गाठायची, अशी त्यांची रीत होती. मध्य इटलीत टायबर नावाची नदी आहे. तीच पुढे रोममधून वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात पेरुजियाच्या उत्तरेस माँटोने हे टेकडीवर वसलेले जुने गाव आहे. आपल्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वाढलेल्या पोरांना चढउतार नवे नव्हते. पण इथे वरून गोळ्या येत होत्या.

ता. १० जुलै १९४४. इकडे आषाढ वद्य पक्ष, कोकणात लावणीचे दिवस. तिकडे मराठ्यांच्या एका कंपनीला शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ल्याचा हुकूम झाला. यशवंतरावांची तुकडी पुढे सरकत असता अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. क्षणार्धात तुकडीतले सर्व जवान पडले. कोणी जागीच गेले, कोणी जखमी होऊन लोळू लागले. उभे राहिले ते एकटे नाईक यशवंतराव.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. मागे कोणी नाही हे त्यांना कळले होते. सरकारी मानपत्रातही तसेच नमूद आहे की आपल्याबरोबर येण्यास कोणी उरले नाही हे पुरते ठाऊक असूनही ते धावले. जमिनीला चिकटून पडून राहिले असते तर कोणी बोल लावला नसता. सैन्यात त्याला आडोसा घेणे म्हणतात, भ्याडपणा नव्हे. पण ती मशीनगन चालू राहती तर जखमी पडलेल्यांचे काय झाले असते? यशवंतरावांच्या मनात त्या वेळी काय होते ते मी लिहिणार नाही, कारण ते त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी केले काय, तेवढे लिहितो.

ते थेट मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग आपल्या टॉमीगनने दुसऱ्या एकाला टिपले. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलण्याइतकीही उसंत नव्हती आणि अजून दोघे समोर होते. तेव्हा त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली, तिची लाठी केली आणि त्या दोघांना जागीच ठार केले. ठाणे एकट्याच्या हाती आले. पण आसपास नेमबाज दडलेले होते. त्यांच्या गोळ्या यशवंतरावांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी देह ठेवला.

हे लिहिताना हात जड होतो. मारणे ही काही गोड गोष्ट नाही, आणि समोरचेही कोणाची तरी पोरेच होती. मुलांना सांगताना मी हा भाग गाळीत नाही, पण त्यात रंगही भरीत नाही.

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचे सर्वोच्च पदक. नाईक यशवंत घाडगे यांना ते मरणोत्तर जाहीर झाल्याचे ता. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटात प्रसिद्ध झाले. पुढे १९४५ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना देण्यात आले. कोकणातल्या खेड्यातली एक तरुण विधवा, आणि समोर हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! त्या दरबाराचे वर्णन लोक मोठ्या अभिमानाने करतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र परतीचा प्रवास येतो. पदक घेऊन माऊली घरी आली असेल, पण ज्याचे पदक तो आला नाही. त्या युद्धात पडलेल्यांचे देह मायदेशी आणण्याचा रिवाजच नव्हता. पळसगावच्या नदीकाठी त्यांना अग्नी मिळाला नाही.

आमच्या कचेरीत माजी सैनिकांच्या विधवा दाखल्यांसाठी येतात. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले पलटणीचे कागद काढतात, आणि ते टेबलावर ठेवताना हाताने एकदा सारखे करतात. वीस वर्षे हे पाहतो आहे. लक्ष्मीबाईंची आठवण मला अशा वेळी होते.

आता एक प्रश्न. गावात वाचनालयाच्या ओट्यावर यावर वाद झाला, तेव्हा एका तरुणाने तो विचारला आणि मला त्याचा राग आला नाही. देश पारतंत्र्यात होता. बेचाळीसची चळवळ होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. मग इंग्रजांच्या लढाईत मेलेल्याचे आपण कौतुक का करावे? प्रश्न खरा आहे. पण त्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी लोक फौजेत होते, आणि त्यातले बहुतेक यशवंतरावांसारखे शेतकऱ्यांचे मुलगे होते. युद्ध करायचे की नाही हे त्यांना कोणी विचारले नव्हते. समोर होता तो हिटलर, आणि तो जिंकता तर जगाचे काही भले झाले नसते. शिवाय, त्याच फौजेची १९४७ मध्ये आपली फौज झाली. यशवंतरावांची ती तिसरी बटालियन पुढे छत्रीधारी झाली व १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली. हीच पलटण बांगलादेशच्या युद्धात ता. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे विमानातून उतरली आणि पाच दिवसांनी ढाक्यात शिरली. एकाच झाडाच्या फांद्या कुठून वेगळ्या करायच्या? त्या तरुणाला हे पटले असे मी म्हणत नाही. ऐकून मात्र घेतले.

याच पलटणीच्या दुसऱ्या एका वीराचाही उल्लेख केला पाहिजे. अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये इटलीतच सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवरून वाहून आणले व नंतर मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव सुदैवाने परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. जन्म दोघांचाही १९२१ चा.

यशवंतरावांचा पुतळा माणगावात आहे. कामानिमित्त तिकडे जाणे होते तेव्हा मी तिथे चप्पल काढून नमस्कार करतो. आपल्या गावची मुले मुंबईला जाता-येता माणगावहूनच जातात, परंतु मी शाळेत विचारले तेव्हा तो पुतळा कोणाचा हे तिघांनाच सांगता आले. दोष मुलांचा नाही. त्यांना सांगणारे आम्ही, आणि आम्हीच सांगितले नाही.

आणि तिकडे पाहा. जुलै २०२३ मध्ये माँटोने गावच्या नगरपालिकेने आणि इटलीतील इतिहास-अभ्यासकांनी मिळून यशवंतरावांच्या नावाने एक स्मारक उभारले. त्याचे नाव व्ही. सी. यशवंत घाडगे सूर्यघटिका स्मारक. उन्हात सावली पडून वेळ सांगणारे ते घड्याळ आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे वचन त्यावर लॅटिन भाषेत कोरले आहे. ज्या गावाने पळसगावचे नाव कधी ऐकले नव्हते, त्याने एकोणऐंशी वर्षांनी ही आठवण केली. इटलीच्या लढायांत ५७८२ हिंदी जवान कामी आले, आणि त्या देशातील चाळीस स्मशानभूमी व स्मारकांतून त्यांची नावे जपली आहेत. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी जवानांचे होते. सूर्यघटिकेची बातमी वाचली तेव्हा मला आमच्या वीरगळाच्या माथ्यावरचे सूर्यचंद्र आठवले. असो.

जीर्णोद्धार समितीने आमची विनंती मान्य केली हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो. तो वीरगळ आता मंदिराच्या पूर्वेस दगडी चौथऱ्यावर उभा आहे. शेंदूर काढला आहे, हळदकुंकू चालू आहे, कारण आजींपुढे कोणाचे चालत नाही. गेल्या वर्षापासून १० जुलैला सकाळची आरती झाली की शाळेची मुले तिथे जमतात व त्यांतील एकाने यशवंतरावांची हकीकत पाठ सांगायची, असा परिपाठ घातला आहे. कागद हातात घ्यायचा नाही. भाषण करायला कोणाला बोलवायचे नाही, मलाही नाही. पाऊस असतोच, त्यामुळे मुले छत्र्या घेऊन उभी राहतात.

पहिला मान इयत्ता सहावीतल्या एका मुलीला मिळाला. तिने पळसगावपासून सुरुवात केली, माँटोनेचा डोंगर चढवला, मशीनगन बंद पाडली. लाल किल्ल्याशी आली आणि तिला साल आठवेना. ती गप्प झाली, तसे मागच्या रांगेतून पहिली-दुसरीची पोरे एका सुरात ओरडली, पंचेचाळीस! मग ती पुढे सांगू लागली.